फळीचं पुढचं टोक

४ फेब्रुवारी

धाकटीस,

फोन केला की माझा आवाज ऐकून तू ठेवून देतेस. तीनदा झालं. म्हणून कागद घेतला. कागद फार तर फाडता येतो, आणि फाडायच्या आधी माणूस दोन ओळी वाचतोच.

परवा भाऊजींनी ह्यांना फोन केला तेव्हा मी शेजारीच भांडी पुसत होते, त्यामुळे सगळं कानावर आलं. तिकडच्या कारखान्यात तुझं काम पसंत पडलंय, कायम करायची वेळ आलीय, आणि त्यांनी इथल्या कारखान्याकडून तुझा जुना तपासणीचा कागद मागवला. त्यावर शेरा आहे: पाठ वारंवार दुखते, गोळ्या चालू, जड उचलण्याच्या कामास अयोग्य. मेअखेरपर्यंत हे निस्तरलं नाही तर तुला घरी बसवणार. भाऊजी म्हणाले, "दादा, वहिनींना विचार, तिथल्या दवाखान्यातल्या सिस्टरला हे कुणी सांगितलं?"

मला कशाला विचारायचं? चारशे माणसं काम करतात इथे आणि प्रत्येकाला तोंड आहे. तूच कुठे बोलली असशील. जेवणाच्या सुट्टीत पाठ भिंतीला टेकवून बसायचीस, ते काय कुणाला दिसत नव्हतं?

आणि दुखणं कुणाला नसतं गं? चार वर्षांपूर्वी मी जिन्यावरून घसरले तेव्हा माझा डावा खांदा धरला होता. केस विंचरायला हात वर जात नव्हता. मी बोंब मारली का? महिनाभरात खांदा आपोआप सुटला आणि बेसिनं वाहायच्या फळीचं पुढचं टोक मी एक दिवससुद्धा सोडलं नाही. चोवीस वर्षं जड कामास योग्य असं हिरवं कार्ड आहे माझ्याकडे. पिवळं कसं दिसतं ते मी फक्त लोकांच्या हातात बघितलंय.

इकडचं म्हणशील तर तुझ्या जागी आलेल्या पोरीला सगळे शिडी म्हणतात. उंची आहे, अंगात काही नाही. मी पुढच्या दांड्यांमध्ये पाठमोरी उभी राहते, ती सहा ओली बेसिनं साच्यातून काढून फळीवर मांडते आणि मागून उचलते. उचलते म्हणजे नुसता हात लावते. वाळवणीच्या चढावर माझा जीव घशाशी येतो. मुकादमाला दोनदा सांगितलं तर तो म्हणतो, "क्रेन गेल्यापासून तुमचे हात कमी आणि तोंड जास्त चालतं." मेलेल्या म्हशीला मणभर दूध! तू जिवंत आहेस, तेव्हा म्हण मागे घेते. पण मला चोवीस वर्षांत इथे कुणी टोपणनाव दिलं नाही आणि तुला दुसऱ्याच वर्षी क्रेन म्हणायला लागले, हे मी विसरलेले नाही.

तुझ्या कागदाचं मी काय करणार? तिकडच्या डॉक्टरला दाखव.

थोरली

२१ फेब्रुवारी

धाकटीस,

तुझं पाकीट आलं. एवढा मोठा कागद आणि त्यावर एक ओळ. "ताई, कुणी सांगितलं ते मला त्याच दिवशी कळलं होतं." खाली सहीसुद्धा नाही.

दोन दिवस मी घरात कुणाशी धड बोलले नाही. हे विचारत होते, काय झालं, काय झालं. मी म्हटलं, दाढ दुखतेय. मग लवंग आणून दिली, ती चघळत बसावं लागलं.

तर ऐक. मीच सांगितलं.

गेल्या वर्षी तपासणीच्या पहिल्या दिवशी यंत्रं झाली. लाकडी पायरीवर ठकठक आवाजाबरोबर पाच मिनिटं चढउतार, मग पंजाचं यंत्र दाबायचं, मग जमिनीवरून टेबलावर खोकं ठेवायचं, दर खेपेला वजन वाढवत. संध्याकाळी आकडे दाराजवळ लागले. पंजात तुझे अडतीस, माझे सत्तावीस. खोक्यात तर तू भट्टीवरच्या दोन पुरुषांच्या पुढे. पायरीवरून उतरून मी खुर्चीत बसले होते, कानात माझंच काळीज वाजत होतं, आणि तू सिस्टरला विचारत होतीस, "झालं? एवढंच?"

तुला हाताला धरून मी इथे आणलं. गुडघे कसे वाकवायचे, श्वास कधी सोडायचा, ओल्या मातीला बोटाचा ठसा न उमटवता कसं धरायचं, सगळं मी शिकवलं. शिकवताना मला फार बरं वाटायचं. तू शिकून झालीस तेव्हा बरं वाटेनासं झालं.

त्या दिवशी जेवताना हे भाऊजींना म्हणाले, "तुझी क्रेन आहे रे बाबा. आमची आता जुनी सायकल. आवाज फार, वेग कमी." सगळे हसले. मी सगळ्यांत मोठ्यानं हसले. तू तेवढी हसली नाहीस, ताटात बघत राहिलीस, आणि मला ह्यांच्यापेक्षा तुझा राग आला. माझी कीव करण्याइतकी तू मोठी कधी झालीस?

दुसऱ्या दिवशी सिस्टर माझा फॉर्म भरत होती. सहज म्हणाली, "तुमच्या जाऊबाई खातात तरी काय हो?" उचलली जीभ, लावली टाळ्याला. मी म्हटलं, "खाते काय, गोळ्या खाते! पाठ धरलेली असते रोज." स्वयंपाकघरात दार लोटून तू मला एकटीला दाखवलेली पाठ. तिला मलमसुद्धा मीच लावत होते.

मला वाटलं, एखादा शेरा पडेल, अडतीसाचा तोरा उतरेल, एवढंच. तुला फळीवरून काढून लेबलं चिकटवायला बसवतील असं वाटलं नव्हतं. हेही खोटं. वाटलं होतं. तू त्या खुर्चीत बसलेली पहिल्या दिवशी दिसलीस तेव्हा माझ्या पोटातलं दुखणं थांबलं होतं. आठवडाभर थांबलं, मग परत सुरू झालं. कारण बसल्या कामातही तू सगळ्यांच्या पुढेच.

सिस्टरला एक सांगितलं नाही. गोळ्यांच्या त्या पट्टीतल्या निम्म्या मी माझ्या खांद्यासाठी खात होते.

आपलं वाजलं आणि तुम्ही दोघं तिकडे गेलात ते दोरीवरच्या कपड्यांवरून, असं मी सगळ्यांना सांगते. तूही तेच सांगत असशील. बरं दिसतं.

थोरली

१४ मार्च

धाकटीस,

गुरुवारी चढावर माझ्या हातातून फळी सुटली. सहाच्या सहा बेसिनं गेली. ओली माती फुटत नाही, थपकन बसते. सगळ्या शेडनं मान वळवून बघितलं.

मी शिडीवर तोंड टाकलं. हात लावायला येतेस की उचलायला, आईनं भात घातला नव्हता का, सगळं काढलं. ती पोरगी ऐकून घेते नेहमी. त्या दिवशी नाही घेतलं. म्हणाली, "काकू, मी बेसिनं बरोबर मधोमध मांडते. निम्मं तुमचं, निम्मं माझं. खोटं वाटत असेल तर उद्या तुम्ही मागे या, तुम्ही मांडा."

काकू म्हणाली. तेही झोंबलं.

दुसऱ्या दिवशी मुकादमासमोर मी मागे गेले. आमची नवी फळी तडकली होती म्हणून कोठीतून आपली जुनी काढली, तुझ्यामाझ्या नंबराची. शिडी पुढच्या दांड्यांमध्ये तोंड फिरवून उभी राहिली. मी साच्याकडून पहिलं बेसिन आणलं, ठेवायला वाकले आणि वाकलेलीच राहिले.

चोवीस वर्षांत मी भरायची फळी मागून कधी बघितलीच नव्हती. पुढची जागा मानाची, मी मानानं पुढे. लाकडावर पांढऱ्या डागांची वळी होती. तुला सांगायला नको, ओल्या बेसिनाची कड जिथे टेकते तिथे मातीचं पाणी मुरतं आणि धुतलं तरी जात नाही. तुझी सगळी वळी मागच्या टोकाकडे. शेवटची जोडी तर दांड्यांना चिकटलेली. आणि माझ्या बाजूला दीड वीत लाकूड कोरं.

शिडी मान न वळवता म्हणाली, "काकू, ठेवताय ना?"

मी बेसिनं त्या वळ्यांवरच ठेवली. मुद्दाम. एकेक, तुझ्या जागी. मग म्हटलं, घे. उचललं. शिडी म्हणाली, "अय्या, हे तर हलकंय." माझं कंबरडं तिथेच बोललं. चढ सुरू व्हायच्या आधी मी फळी खाली ठेवायला लावली. सपाटीवर, बावीस पावलांत.

तू चढावरून नेत होतीस. दिवसाला चाळीस खेपा.

खांदा आपोआप सुटला म्हणे. महिनाभरात. मी किती जणींना सांगितलं असेल गं हे, की मनाचा निश्चय पाहिजे, खांदा आपोआप सुटतो. आणि तुझी पाठ कधीपासून दुखायला लागली ते मी आता बोटांवर मोजलं. माझा खांदा धरल्यानंतर पाचव्या महिन्यात.

मुकादम विचारत होता, काय झालं. मी म्हटलं, काही नाही, शिडीचं बरोबर आहे. तो इतका चकित झाला की त्यानं मला पाणी आणून दिलं.

थोरली

२ एप्रिल

धाकटीस,

तुझी दुसरी चिठ्ठी मिळाली. ह्या वेळी चार ओळी आहेत, प्रगती आहे. लिहितेस, "तुमचा खांदा गेला असता तर तुम्हाला पुढच्या टोकावरून काढलं असतं. ते तुम्हाला सोसलं नसतं. मला पाठ सोसत होती. म्हणून सरकवलं, त्यात काय एवढं."

त्यात काय एवढं! तुला कुणी सांगितलं होतं? मी मागितलं होतं का? पंजात तू पुढे, खोक्यात तू पुढे, आता चांगुलपणातही तूच पुढे. मला एखादी गोष्ट ठेवशील की नाही? तीन वर्षं माझ्या पाठीमागे चालत होतीस, माझा अंबाडा बघत, आणि मनात म्हणत असशील, चालू दे म्हातारीला, वाटू दे तिला. मी रागानं ती चिठ्ठी चुरगळली, मग इस्त्री केली.

सुंभ जळला तरी पीळ जळत नाही म्हणतात, ते खरं आहे. तुझा एवढा भार कळल्यावर मला रडू यायला हवं होतं. आलंही. पण त्याच्या आधी जळफळाटच आला.

आता कामाचं. मी सिस्टरकडे गेले होते, सहज गेल्यासारखी. तिनं सांगितलं, एकदा डॉक्टरबाईंची सही झाली की शेरा बदलत नाही. मात्र दुखण्याचं कारण नवं कळलं तर डॉक्टरबाई पुरवणी कागद जोडू शकतात. कारण कोण सांगणार? जिला माहीत आहे ती. आणि ते सांगायचं म्हणजे हेही सांगायचं की चार वर्षं माझ्या खांद्यात जोर नव्हता, मी गोळ्या खाऊन तपासणीला उभी राहत होते.

माझी तपासणी वीस तारखेला आहे. त्या दिवशी बोलले तर फळी गेली. गप्प राहिले तर अजून दोन वर्षं काढेन, शिडीला पटवून. ती मऊ आहे, ती पण सरकवेल थोडं. हा विचार माझ्या मनात येऊन गेला. तुला कळावं म्हणून लिहिते, मी कशी आहे ते.

ह्यांना विचारलं. म्हणाले, "तिचं तिकडे होईल काहीतरी. तुझं इथलं कशाला घालवतेस?" ह्यांचं म्हणणं मला फार पटलं. तरी रात्री उठून मी तुझी चिठ्ठी परत वाचते.

उत्तराची वाट बघू नकोस.

थोरली

२३ एप्रिल

धाकटीस,

सोबतचा कागद आधी वाच. त्याच्या दोन प्रती काढ आणि मूळ कुणाला देऊ नकोस.

वीस तारखेला सकाळी मी गोळी खाल्ली नाही. पायरी झाली, कशीबशी. पंजात चोवीस. खोक्याच्या तिसऱ्या वजनाला उजवा हात टेबलाशी पोचला, डावा अर्ध्यावरच थांबला. डॉक्टरबाई बघत होत्या. हातातला कागद खाली ठेवून म्हणाल्या, "हे कधीपासून?"

मी म्हटलं, "ते सांगते, पण आधी दुसऱ्या एका बाईचं सांगायचंय."

त्यांना वाटलं मी विषय बदलतेय. मी खुर्ची ओढून बसले आणि सांगून टाकलं. फळी, वळी, जिना, गोळ्या, सिस्टरला काय बोलले ते, जेवताना सगळे हसले तेही. जुनी सायकल म्हटल्यावर त्या बाई स्वतः हसल्या आणि मग ओशाळल्या. मी म्हटलं, हसा, मीही हसले होते.

त्या म्हणाल्या, "गेल्या वर्षी मी तिला विचारलं होतं, पाठ कशानं दुखते. म्हणाली, उठताबसता लागलं असेल."

उठताबसता! एक शब्द बोलली असतीस तर तुझं कार्ड वाचलं असतं. मी तुझ्याविरुद्ध बोलून बाहेर आले होते आणि तू आत जाऊन माझं झाकत होतीस, दहा मिनिटांच्या अंतरानं, त्याच टेबलावर. डॉक्टरबाईंसमोर मला रडू आलं. ह्या वेळी जळफळाट नंतर आला.

"शेरा खोडता येत नाही," त्या म्हणाल्या.

"मग कारण लिहा."

"काय लिहू?"

"मी," म्हटलं. "माझं नाव लिहा, नंबर लिहा."

तसं लिहीत नाहीत म्हणे. मग त्या माझ्याबरोबर कोठीत आल्या. फळी बघितली, टेप लावला, माझा खांदा तिथेच उभ्यानं तपासला. त्यांनी काय लिहिलंय ते तुझ्यासमोर आहे: भार असमान होता, दुखणं त्यातून आलं, मूळ पाठीत दोष आढळलेला नाही, समान भारानं जोडीनं उचलण्यास हरकत नसावी, नव्यानं तपासून ठरवावं. खाली माझा जबाब आणि माझी सही. सही वाकडी आलीय, कागद फळीवर ठेवून केली. अक्षर माझंच आहे, कुणी विचारलं तर सांग.

भाऊजींना म्हणावं, वहिनींना विचारलं आणि वहिनींनी सांगितलं.

मला पिवळं कार्ड मिळालं. परवापासून लेबलं. खुर्ची बरी आहे, पाठीला टेका आहे. पहिल्या दिवसात तिघींनी येऊन विचारलं, काय झालं काकू. चौथीला मी म्हटलं, खांदा गेला. तोंडातून गेलं आणि जग काही बुडालं नाही. दोन दिवस हे फुगून बसले होते, काल संध्याकाळी शेकायची पिशवी गरम करून आणली आणि खांद्यावर ठेवली. जुनी सायकल म्हटलं तर आता मारीन, एवढं मात्र मी सांगून ठेवलंय.

शिडी पुढच्या टोकाला गेली. फळी घेऊन माझ्या टेबलाजवळून जाते तेव्हा मी बघत नाही. म्हणजे बघते. बरी चालते. माझ्यासारखी नाही.

परत ये असं मी म्हणणार नाही. मला तोंड नाही, आणि आलीस तर दोन महिन्यांत मी पुन्हा तुझे आकडे मोजत बसेन. तू तिथेच कायम हो. बेसिनं मधोमध ठेव. कुणाचा खांदा दुखतोय असं वाटलं तर तिला तोंडावर सांग, सरकवू नकोस.

एकच विचारायचं होतं. तिकडे तुझ्या फळीला पुढे कोणी असेलच. कोण आहे, कशी आहे, किती वर्षांची आहे, तू तिला ताई म्हणतेस का, हे चार दिवस माझ्या मनात चाललंय. कळवू नकोस. मला सहन होणार नाही.

थोरली